योहानच्या पिंपाला भर

१

दयाबाई उजागरे यांनी जन्मात कधी वाइनचा थेंब जिभेला लावला नव्हता, आणि बाटलीवर नाव मात्र त्यांचंच. ‘दयामळा’. लाल अक्षरं, खाली द्राक्षाचं पान. हा सगळा त्यांच्या नवऱ्याचा, योहानचा उद्योग. नागापूरच्या कारखान्यातली टर्नरची नोकरी वेळेआधीच सोडून त्यानं केडगावच्या पुढं, डोंगराच्या पोटाशी, वडिलांच्या पडीक रानात वाइनची द्राक्षं लावली, तेव्हा चर्चच्या मंडळीतल्या निम्म्या लोकांनी नाकं मुरडली. मंडळी पक्की निर्व्यसनी. प्रभुभोजनाच्या पेल्यातसुद्धा तिथं मनुका उकळून गाळलेला रस असतो. आणि या गड्यानं दारूचा मळा काढला, वर त्याला बायकोचं नाव दिलं, आणि बायको कोण, तर शाळेत चौथीच्या पोरांना व्यसन करू नये असं शिकवणारी बाई. दयाबाई महिनाभर खाली मान घालून चर्चला गेल्या. मग सवय झाली. माणसाला कशाची सवय होत नाही, सांगा.

योहान गेला त्यालाही आता काही वर्षं झाली होती. मळा मात्र झकास चालला होता. मुलगा केविन नाशिककडं वाइनचं काम शिकून परत आला होता, घरात सून आली होती, वेली जोमात होत्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर दयाबाईंनी एक काम स्वतःहून मागून घेतलं होतं. पिंपांना भर घालायचं.

डोंगर कोरून केलेल्या तळघरात ओकच्या लाकडाची पिंपं आडवी मांडलेली. त्यात लाल वाइन वर्षानुवर्षं मुरत पडते. पिंपाच्या वरच्या अंगाला एक भोक, त्याला बूच. “लाकूड श्वास घेतं, मम्मी,” केविननं समजावलं होतं. “आतली वाइन हळूहळू उडून जाते. जागा रिकामी राहिली की हवा शिरते आणि माल आंबतो. म्हणून पंधरवड्याला बूच काढायचं, टॉर्चनं बघायचं आणि काठोकाठ भरायचं.” दयाबाईंना यात नवं काही वाटलं नाही. लोणच्याच्या वर तेल आलं पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

दुपारची जेवणं झाली की लांब चोचीची स्टीलची झारी घेऊन त्या खाली उतरायच्या. बाहेर ऊन रखरखत असलं तरी आत गार. एकेका पिंपाला पेलाभर वाइन लागायची. चोच भोकात घातली की आधी पोकळ आवाज यायचा, भरत आलं की तो बारीक होत जायचा आणि काठाशी येऊन थांबायचा. तेवढा वेळ त्या एखादं भजन गुणगुणायच्या. आयुष्यात इतकं निवांत काम त्यांना कधी मिळालं नव्हतं.

कोपऱ्यातलं शेवटचं पिंप योहाननं स्वतः भरलेलं, मळ्याच्या पहिल्या तोडणीचं. एके दिवशी दयाबाईंनी त्यात झारी वाकवली आणि आवाज बारीक झालाच नाही. घुटुक. घुटुक. घुटुक. तीन घोट झाले आणि थांबलं. मग आतून कुणी खाकरल्यासारखं झालं, अगदी हलकं, आणि त्यामागून ‘हं’.

दयाबाईंनी बूच घट्ट लावलं, झारी विसळली आणि चहाची वेळ झाली म्हणून वर गेल्या.

२

मनात पाल चुकचुकली होती, नाही असं नाही. पण बाईंनी तीस वर्षं पोरांना विज्ञानही शिकवलं होतं. अरुंद भोकातून पातळ पदार्थ ओतला की हवा बुडबुड्यानं बाहेर येते, तिचा आवाज होतो. पुढच्या खेपेला त्यांनी मुद्दाम बाकीच्या पिंपांत तशीच, त्याच उंचीवरून धार धरली. एकही पिंप घुटुक म्हणालं नाही. कोपऱ्यातलं म्हणालं. तीन घोट, खाकरणं, हं.

तो आवाज ओळखायला त्यांना काही कष्ट पडले नाहीत. योहानचं शेवटचं वर्ष गिळण्यात गेलं होतं. लकवा आला, चेहऱ्याची डावी बाजू लोंबली आणि घशाची ताकद गेली. दयाबाई पातळ पेज चमच्यानं भरवायच्या. दुसऱ्या कुणाच्या हातून तो तोंड उघडायचा नाही. नर्स कंटाळून गेली. बायकोच्या हातचे मात्र तीन चमचे घ्यायचा, मग खाकरायचा, मग ‘हं’ म्हणायचा. ते ‘हं’ ऐकलं की दयाबाईंचा दिवस पार पडायचा.

पुढं पुढं तेही उतरेना. नाकातून नळी घातली. डॉक्टर म्हणाले, आता तोंडानं थेंबही द्यायचा नाही, फुप्फुसात जाईल. योहान आपला पिलासारखं तोंड उघडून वाट बघायचा, कोरडेच घोट गिळायचा, टाळ्याला जीभ लागल्याचा आवाज यायचा. दयाबाईंनी डॉक्टरांचं ऐकलं. एक थेंब दिला नाही. शहाण्या बाईनं जे करावं तेच केलं, आणि त्याचं दुःख त्यांच्या मनातून कधी गेलं नाही.

शेवटी चर्चचे पाळकसाहेब घरी प्रभुभोजन द्यायला आले. योहानच्या ओठांना पेला लावला, रस हनुवटीवरून ओघळला. आत काही गेलं नाही. पाळकसाहेब म्हणाले, “उरलेला रस मोरीत ओतू नका, बाई. एखाद्या झाडाच्या बुडाशी घाला.” आमच्याकडं तशीच रीत आहे. दयाबाई पेला घेऊन वेलींकडं निघाल्या, आणि का कोण जाणे, पाय तळघराकडं वळले. कोपऱ्यातल्या पिंपाचं बूच काढून त्यांनी तो ओंजळभर रस आत सोडला. त्याला जे घेता आलं नाही ते त्याच्या हातच्या वस्तूत तरी जावं, एवढंच मनात. संध्याकाळी योहान गेला.

आता त्या पिंपासमोर उभ्या राहून दयाबाईंनी घाबरायला हवं होतं. थोड्या घाबरल्याही. पण भीतीच्या मागोमाग जे आलं ते भीतीपेक्षा मोठं होतं, आणि ते समाधान होतं. त्याला गिळता येत होतं. त्यांनी झारीची धार आणखी बारीक केली, ठसका लागू नये म्हणून.

३

“बाई, ह्ये पिंप लईच प्येतंय,” सहादेव म्हणाला.

सहादेव हा तळघरातला जुना गडी. ही पिंपं टेम्पोतून उतरवली तेव्हापासूनचा. काम थोडं कमी केलं तरी चालेल, पण बोलणं कमी होणार नाही, असा त्याचा बाणा. त्याला गळतीचा संशय आला. पिंपाखाली त्यानं वर्तमानपत्रं पसरली. आठवड्यानं काढली तर कोरडी ठणठणीत. लोखंडी पट्ट्या ठोकून घट्ट केल्या. लाकडाला मेण चोळलं. भर होती तेवढीच लागत राहिली, उलट वाढली. मग एके दिवशी तो डोकं खाजवत दयाबाईंसमोर उभा राहिला.

“रागावनार नसला तर बोलू का? आता वय झालं, थंडी असती, गुडघं दुखत्यात. औषध म्हनून मानसानं घोटभर घेतलं तर त्यात पाप न्हाई.”

दयाबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं. “सहादेव, चौथीत असतास तर अंगठे धरून उभा केला असता तुला.”

“आवो मी आपलं सहज म्हनलं.” तो हसला. मग हसू ओसरलं. “पर बाई, ह्या पिंपात जेवढं मावतं त्याच्यावर आनखी अर्ध पिंप तुमी वतलं आसंल. ते गेलं कुठं?”

दयाबाई झारी विसळायला वळल्या. सहादेवनंही पुन्हा विचारलं नाही. मात्र त्या कोपऱ्यात झाडायची वेळ आली की तो पिंपाकडं पाठ करायचा नाही, कडेकडेनं खेकड्यासारखा सरकायचा. दयाबाईंना गंमत वाटायची.

केविनला विचारलं तर त्याच्याकडं कारणांची काय वानवा. जुनं लाकूड शोषून घेतं, कोपऱ्यात हवा खेळती आहे, अमकं आणि ढमकं. काचेच्या नळीनं त्यानं त्या पिंपातली चमचाभर वाइन काढली, उजेडात धरली, तोंडात घोळवली आणि नळी पुन्हा पिंपात घातली.

“काय रे? बिघडली?”

“बिघडली? मम्मी, मी नाशिकला असलं काही चाखलं नाही. तुरटपणा आहे अजून, पण त्याच्यामागून जे येतं ना...” त्याला शब्द सापडेना. “ही अजून वीस वर्षं मुरेल. एवढी वर्षं पिंपात राहून एखादी वाइन म्हातारी होते. ही तरणी होत चाललीय. तू काय करतेस हिला?”

“काही नाही. वेळेवर भरवते,” दयाबाई म्हणाल्या. तोंडातून गेलेला शब्द त्यांचा त्यांनाच ऐकू आला, पण केविनचं लक्ष नव्हतं.

त्या सुमाराला दयाबाई फार सुखी होत्या. हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पंधरवड्यावरून त्या आठवड्यावर आल्या, आठवड्यावरून एक दिवसाआड. पिंपाजवळ स्टूल नेऊन ठेवलं. भरवता भरवता घरच्या गोष्टी सांगायच्या. छाटणी आटोपली, डाळिंबाच्या झाडाला यंदा फुलं धरली, पाळकसाहेबांच्या मुलीचं ठरलं. सांगून झालं की आतून ‘हं’ यायचं, आणि त्या हलक्या पायानं वर यायच्या.

४

पहिली गोष्ट बशीची. केविन चहा मोठ्या मगमधून घ्यायचा. बापाच्या बशीतल्या भुरक्यांचा त्याला लहानपणापासून वैताग. आणि एका संध्याकाळी ओसरीवर त्यानं कपाटातून कप-बशी काढली, चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि भुर्रकन ओढला. दयाबाईंच्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी ऊर भरून आला. रक्त कुठं जातंय, त्यांनी मनाशी म्हटलं. वय झालं की पोरगं बापावर जातंच.

मग बोलणं बदललं. केविन शहरात शिकलेला, ‘आहे’, ‘नाही’ म्हणणारा. तो मधूनच ‘हाय’, ‘न्हाई’ म्हणायला लागला. वेलीवर हात फिरवताना मुठीत पान घेऊन वास घ्यायला लागला. एकदा बांधावरून त्यानं हाक मारली, “दये, पान्याची मोटार बंद कर.” दयाबाई “आले” म्हणून मोटारीपर्यंत जाऊन पोचल्यासुद्धा. मग जागच्या जागी थांबल्या. मागं वळून बघितलं तर केविन गोंधळलेला. “मम्मी, मी आत्ता काय म्हणालो?” दोघंही हसले.

सून शॅरन मात्र हसत नव्हती. ती शेवगावची, नागापूरला एका कंपनीत नोकरीला, पोरगी हसरी आणि सरळ. एका रविवारी चर्चहून आल्यावर स्वयंपाकघरात कांदा चिरता चिरता ती म्हणाली, “मम्मी, सगळे म्हणतात केविन पप्पांसारखा झालाय. मी त्यांना बघितलंच नाही ना, मला काय कळणार? पण परवा मला न्यायला माहेरी आला, तर स्टँडवरून फोन करून विचारतो, तुमची गल्ली कुठली. आमचं जमलं तेव्हा त्या गल्लीत किती चकरा मारल्यात त्यानं. कुत्रीसुद्धा ओळखायची त्याला.”

“कामाचा ताण असेल गं.”

“असेल.” कांद्यानं असेल किंवा कशानं, तिचे डोळे भरले होते. “काल मला म्हणाला, तू फार दमतेस. खूप मायेनं म्हणाला. पण पाहुण्या बाईला म्हणावं तसं.”

त्यानंतर दयाबाईंचा गुडघा सुजला आणि महिनाभर त्यांना तळघराच्या पायऱ्या उतरायची बंदी झाली. भर घालायचं काम सहादेवकडं आलं. त्यानं वर येऊन सांगितलं, “बाई, तुमचं ते पिंप माझ्या हातचं काही घीना. काठापातूर भरल्यालं हाय, थेंब जात न्हाई.” दयाबाईंना मनातून बरंच वाटलं. तेव्हाही दुसऱ्या कुणाच्या हातचं घेत नव्हता तो.

आणि त्याच महिन्यात केविन बरा झाला. बरा म्हणजे केविन झाला. चहाचा मग परत आला, भुरके गेले, ‘मम्मी’ आलं. शॅरनच्या चुलतभावाच्या लग्नाला दोघं शेवगावला जाऊन आले आणि गल्लीतल्या कुत्र्यांची खुशालीही घेऊन आले. घरात हसणं-खिदळणं वाढलं. गुडघा उतरला तशा दयाबाई झारी घेऊन खाली गेल्या. पिंपानं अधाशासारखं घेतलं, झारी रिकामी केली. त्या संध्याकाळी ओसरीवर केविननं बशी काढली.

दयाबाईंच्या हातातला घास हातात राहिला. त्या काही खुळ्या नव्हत्या. इकडं जेवढं जात होतं तेवढं तिकडं येत होतं, आणि जो येत होता त्याला बसायला जागा लागत होती.

५

त्यांनी कानाला खडा लावला. झारी सहादेवच्या हवाली केली, गुडघ्याचं निमित्त सांगितलं आणि तळघराच्या दाराकडंसुद्धा फिरकायचं नाही असं ठरवलं. मेलेल्या माणसाला जिवंत माणसाचा घास घालायचा नसतो, हे कुणी शिकवावं लागत नाही. नवरा गेला तो गेला. पोरगा समोर आहे.

दिवस छान चालले होते, हेच तर अवघड होतं. द्राक्षात गोडी उतरत होती. केविन नव्या पिंपांची चौकशी करत होता, शॅरन सकाळी स्कूटीवर जाताना टाटा करायची आणि तो फाटकापर्यंत धावत जायचा. दयाबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसायच्या आणि म्हणायच्या, बघ दया, याच्यासाठी सोडलंस ते बरं केलंस.

मग तो आवाज सुरू झाला. पहिल्यांदा त्यांना वाटलं पाल असेल. टाळ्याला जीभ लागून सुटते तसा. स्वयंपाकघरातली फरशी तळघराच्या डोक्यावरच येते. कुकरची शिट्टी संपली की त्या शांततेत खालून यायचा. च्यक. मग वेळ जायचा. मग कोरडा घोट, आत काहीच नसलेला, ओढून ओढून गिळलेला. मग पुन्हा च्यक.

दयाबाईंनी रेडिओ मोठा केला. “मम्मी, ऐकू कमी यायला लागलं का तुम्हाला?” शॅरननं चेष्टा केली. तिला आणि केविनला खालचं काही ऐकू येत नव्हतं, हे उघडच होतं. सहादेवला येत असावं. तो एकदा वर येऊन म्हणाला, “बाई, ते पिंप हाय ना, त्याचं काय ते तुमीच बघा. मी त्या बाजूला जात न्हाई,” आणि तडक वेलींकडं निघून गेला.

योहान तेव्हा नऊ दिवस तसा पडला होता. दयाबाईंनी नऊच्या नऊ दिवस त्याच्या उशाशी बसून ते ऐकलं होतं आणि ओल्या कापसाचा बोळासुद्धा त्याच्या ओठांना लावला नव्हता, कारण लावला की तो चोखायचा. तेव्हा डॉक्टरांचा आधार होता. आता कुणाचा नव्हता. एकाच माणसाला दोनदा तहानेनं मारायचं, आणि तेही आपल्याच हातानं, असं काम कुठल्या बाईच्या वाट्याला येतं?

त्यांनी प्रार्थना केली. प्रार्थना करताना खालून च्यक आलं.

६

शनिवारी दुपारी त्या खाली गेल्या. फक्त बघायला. एवढे दिवस भर नाही म्हटल्यावर पातळी खाली गेली असणार, आणि गेली असली तर सगळं रीतीप्रमाणं चाललंय, लाकूड श्वास घेतंय, केविन म्हणतो तेच खरं, असं त्यांनी स्वतःला पटवलं होतं. झारी बरोबर होती. नुसती हातात असू द्यावी म्हणून घेतली होती.

तळघरात बाकीची पिंपं नेहमीसारखी गप्प. ओल्या लाकडाचा आणि द्राक्षाचा तो जुना ओळखीचा वास. स्टूल होतं तिथंच होतं. त्या त्यावर बसल्या, तसं च्यक थांबलं. कुणीतरी येतंय हे कळल्यावर आजारी माणूस थांबतो तसं.

“मी आलेय,” त्या म्हणाल्या. “भरवायला नाही आले. पोराला सोडा आता. त्याचा संसार आहे.”

त्यांनी बूच काढलं आणि टॉर्च लावला.

वाइन खरंच खाली गेली होती, बरीच खाली. टॉर्चच्या उजेडात काळंभोर गोल पाणी दिसलं, स्थिर, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. लाकूडच श्वास घेतंय. त्या बूच लावणार तेवढ्यात त्या काळ्या गोलाच्या मध्ये खालून काहीतरी वर आलं आणि उजेडापाशी येऊन थांबलं. ओठ होते. डाव्या बाजूला लोंबलेले, कातडी सुटलेले, फुटलेले. ते थरथरत उघडले आणि तसेच उघडे राहिले, वाट बघत.

टॉर्च कधी विझला, त्यांनी विझवला की हातातून पडला, ते दयाबाईंना पुढं आठवेना. अंधारात त्यांचा हात मात्र चुकला नाही. झारीची चोच त्यांनी भोकात घातली, एकच घोट द्यायचा, एकच, असं पुटपुटत. धार बारीक धरली. घुटुक. त्या रडत होत्या. घुटुक. झारी हलकी होत गेली, आणि त्या हात मागं घेईनात. झारी संपल्यावर त्यांनी भरीच्या वाइनच्या मोठ्या कॅनमधून पुन्हा भरली. किती वेळा भरली ते कुणी मोजलं नाही. शेवटी पिंप खाकरलं, पोट भरलेल्या माणसासारखं, आणि म्हणालं, “हं.”

७

वर आल्या तेव्हा ऊन कलत होतं. ओसरीवर शॅरननं चहा मांडला होता. शनिवारी तिला अर्धा दिवस सुट्टी. दयाबाई तोंड धुऊन येऊन बसल्या. अंग हलकं झालं होतं. मनात भीती शोधली तर कुठंच नव्हती, नुसतं गार, भरलेलं समाधान होतं, पंगत उठल्यावर अन्नपूर्णेसारख्या बाईला वाटावं तसं. त्याची त्यांना लाज वाटली, पण तीही थोडीच.

केविन वेलींमधून चालत आला. चाल जरा फेंगडी. ओसरीच्या पायरीवर चपला काढल्या, खांद्यावरच्या पंच्यानं मान पुसली आणि आरामखुर्चीत बसला. कप उचलून बशीत चहा ओतला. फुंकर मारली. तीन भुरके मारले, खाकरला.

“दये,” तो म्हणाला, “लई दिसांनी चहा घशाखाली उतरला बघ.”

“केविन, पुरे आता ही नक्कल,” शॅरन हसत म्हणाली. “मम्मी, सांगा ना याला.”

त्यानं मान वळवून तिच्याकडं बघितलं. नीट बघितलं, सावकाश, आणि मग पाय जवळ ओढून जरा सावरून बसला, घरात कुणाची लेक आलेली असताना वडीलधाऱ्यानं बसावं तसा. चेहऱ्यावर मनापासूनची कौतुकाची नजर होती. ओळख नव्हती.

“ही कुनाची पोर गं, दये?”

शॅरनचं हसू अजून तोंडावर होतं. ती सासूकडं बघत होती, थट्टेत सामील व्हायला. दयाबाईंनी तिच्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. खोटं बोलावं तरी काय बोलावं. आणि खरं तर त्यांना त्याच्याशी खोटं बोलायचंच नव्हतं, इतक्या वर्षांनी समोर बसून चहा पीत होता तो.

“ही आपली सून,” त्या म्हणाल्या.

“व्हय?” त्याचा सगळा चेहरा उजळला. “झालं का लगीन? बेस झालं. लई बेस झालं.” बशी खाली ठेवून तो उठला. शॅरनच्या डोक्यावर हलकेच हात ठेवला. मग दारातून आत डोकावला, परत फिरला, ओसरीच्या कडेला जाऊन डोळ्यांवर आडवा हात धरून वेलींच्या रांगा न्याहाळत राहिला. बराच वेळ.

“आन् केविन कुठं गेला?” त्यानं विचारलं. “सकाळधरनं दिसला न्हाई.”